खांद्यापासून सुरुवात: स्वतःची शैली आणि कपड्यांची खरेदी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 24, शहरात नोकरी, फॅशनची मनापासून आवड, पगारातला मोठा वाटा कपड्यांवर खर्च होतो, कपाट दाटीवाटीने भरलेले आहे आणि तरीही रोज सकाळी घालण्याजोगे काही सापडत नाही. पडद्यावर दुसऱ्यांच्या अंगावर जे शोभते ते आपल्या अंगावर उपरे का वाटते, स्वतःची शैली घडवायची कशी, आणि सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा लोकरीचा ब्लेझर घ्यावा का, असे तीन पोटप्रश्न त्यात आहेत. मी बरीच वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात नमुने आणि मापे तपासण्याचे काम केले आणि त्यानंतर लोकांना कपडे निवडण्यात मदत करत आले आहे, त्यामुळे उत्तर या दोन्ही अनुभवांतून देत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. शैली म्हणजे प्रामुख्याने आकार. रंग, ब्रँड, नक्षी आणि दागिने या सर्व गोष्टी त्यानंतर येतात, कारण समोरून येणाऱ्या माणसाची आपल्याला सर्वप्रथम बाह्यरेखाच दिसते: खांदे किती रुंद आहेत, कमरेचा भास कुठे होतो, वरचा कपडा मांडीवर नेमका कुठे संपतो, पँटची मोहरी, म्हणजे पायाकडचा खालचा घेर, पायाला किती जवळ आहे. ज्यांच्या पोशाखाचे आपण कौतुक करतो त्यांचे वेगवेगळ्या दिवशींचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर रंग बदलत असले तरी ही बाह्यरेखा दोन-तीन ठरावीक आकारांपलीकडे फारशी जात नाही, असे आढळते. तुमचे कपाट भरलेले असूनही रिकामे वाटते याचे कारण बहुधा हेच आहे की त्यात सुटे सुंदर कपडे पुष्कळ आहेत, पण एकमेकांबरोबर एकच आकार पूर्ण करणारे कपडे कमी आहेत.

तुमचा आकार कोणता, हे शोधण्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही, कारण त्याचा पुरावा धुण्याच्या टोपलीत आहे. जे कपडे धुऊन वाळल्याबरोबर पुन्हा अंगावर चढतात ते बाजूला काढा, सपाट पसरवा आणि टेपने मोजा. वरच्या कपड्याचे दोन्ही खांद्यांच्या शिवणींमधले अंतर, काखेपासून काखेपर्यंतची रुंदी, मागच्या गळ्यापासूनची उंची आणि बाहीची लांबी, तर पँटची कंबर, कमरेपासून दोन्ही पायांच्या जोडापर्यंतची उंची, मांडीची रुंदी, आतली लांबी आणि मोहरी एवढी मापे पुरेशी आहेत. त्यानंतर जे कपडे हौसेने घेतले पण घातले गेले नाहीत त्यांचीही तीच मापे घ्या. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्यावर फरक आकड्यांत दिसू लागतो. एखादीला कळते की आपण रोज घालतो ती प्रत्येक पँट कमरेला उंच बसणारी आहे आणि न घातलेली प्रत्येक पँट दोन-चार सेंटीमीटर खाली उतरते. एखाद्याला कळते की रंग आवडत नाही असे ज्याविषयी वाटत होते त्या शर्टांचा दोष मुळात उंचीत आहे. हे आकडे फोनमध्ये जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक खरेदीत, विशेषतः ऑनलाइन खरेदीत, अंगाच्या मापापेक्षा हीच मापे अधिक उपयोगी पडतात, कारण दोन कपड्यांची तुलना करताना अंदाजाला वाव राहत नाही.

पडद्यावर दिसणारे आपल्या अंगावर का बसत नाही, याचेही उत्तर मापांतच आहे. कारखान्यात एका नमुन्यावरून लहान-मोठे साइझ काढताना छातीचा घेर एका साइझमागे साधारण 4 ते 5 सेंटीमीटरने वाढवतात, पण उंची बहुतेक वेळा एक-दीड सेंटीमीटरनेच वाढते. म्हणजे साइझ मुख्यतः जाडीचे असतात, उंचीचे नसतात. 155 सेंटीमीटर उंचीच्या आणि 175 सेंटीमीटर उंचीच्या दोन सडपातळ व्यक्ती एकच साइझ घेतात, तेव्हा एकीच्या अंगावर जॅकेट मांडीच्या मध्यापर्यंत येते आणि दुसरीच्या अंगावर तेच नितंबाशी संपते. कपडा तोच असला तरी प्रमाण पूर्णपणे वेगळे होते. शिवाय छायाचित्रासाठी कपडे मागून चिमट्यांनी आवळलेले असतात ही आमच्या व्यवसायातली रोजची बाब आहे, त्यामुळे तिथे दिसणारी कंबर हा कपड्याचा गुण मानू नये. तेव्हा एखादा पोशाख आवडला तर तो कपडा शोधण्याऐवजी त्यातले प्रमाण टिपून घ्यावे: वरचा भाग एकूण उंचीच्या किती हिश्शाचा आहे, सैल काय आहे आणि अंगाबरोबर काय आहे. ते प्रमाण स्वतःच्या उंचीवर उतरवता येते.

साइझच्या अक्षराला तर अजिबात भाव देऊ नये. प्रत्येक ब्रँड आपल्या ग्राहकाची कल्पना करून स्वतःचा तक्ता बनवतो, आणि ग्राहकाला सुखावण्यासाठी मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची पद्धत अनेक दशके चालू आहे. त्यातच उत्पादनात छातीच्या मापाला एक-दीड सेंटीमीटर इकडे-तिकडे होण्याची मुभा असते, त्यामुळे एकाच गठ्ठ्यातले, एकाच साइझचे दोन शर्टही तंतोतंत सारखे नसतात. ट्रायल रूममध्ये आपल्या नेहमीच्या साइझच्या एक वरचा आणि एक खालचा घेऊन जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता ट्रायल रूमविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पैसे तिथेच वाचतात किंवा वाया जातात. सर्वांत आधी खांदा पाहावा. बाही मुद्दाम उतरती ठेवलेली नसेल, तर खांद्याची शिवण हाड जिथे वळते तिथे यायला हवी. शिंप्याकडे बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, पँटची उंची आणि मोहरी बदलता येते. परंतु खांदा बदलायचा म्हणजे बाही, मुंढा (म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेभोवतीचा घेर) आणि कॉलर उसवून कपडा जवळजवळ नव्याने शिवावा लागतो, आणि त्याचा खर्च बहुतेक कपड्यांना परवडत नाही. म्हणून खांदा बसला आणि कंबर सैल असली तर कपडा विचारात घ्यावा, पण कंबर सुरेख बसली आणि खांदा चुकला तर तो परत ठेवावा. मुंढ्याबाबत लोकांचा समज उलटा असतो. खोल मुंढा अधिक मोकळा असेल असे वाटते, प्रत्यक्षात हात वर केला की खोल मुंढ्याचा संपूर्ण कपडा त्याबरोबर वर ओढला जातो, तर काखेच्या जवळ असलेल्या मुंढ्यात हात स्वतंत्रपणे हलतो.

त्यानंतर सुरकुत्या वाचाव्यात. आडव्या, ताणलेल्या रेषा दिसत असतील तर त्या जागी कपडा अपुरा आहे. उभ्या, लोंबत्या घड्या दिसत असतील तर तिथे तो जास्त आहे. आणि तिरक्या रेषा ज्या बिंदूकडे जातात तिथे दोष आहे असे समजावे. बटणाभोवती फुलीसारख्या रेषा पडणे हे तंग छातीचे किंवा पोटाचे लक्षण आहे. आरशासमोर ताठ उभे राहून कोणताही कपडा बरा दिसतो, म्हणून खाली बसावे, हात पुढे घ्यावेत, वाकून बुटाची नाडी बांधल्यासारखे करावे. नोकरीच्या दिवसातले बरेच तास आपण बसून काढतो, आणि पँट बसल्यावर मागून उतरते की नाही हे उभ्याने कळत नाही.

कापडाचा विचार आकारानंतर करावा असे मी म्हणत असले, तरी टिकणे आणि पुन्हा घालावेसे वाटणे हे दोन्ही त्यावरच अवलंबून असते. लेबलवरचे टक्के वाचण्याची सवय लावून घ्यावी. प्रमाणित हवेत, म्हणजे 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत, सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो, लोकर सुमारे 16 टक्के धरते आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. त्यामुळे पॉलिएस्टरचा घट्ट विणीचा शर्ट दमट हवेत अंगाला चिकटतो आणि घामाचा वासही त्यात अधिक टिकून राहतो. खेळाच्या कपड्यांत हेच पॉलिएस्टर चालते, कारण तिथे धाग्यांची रचना घाम शोषून ठेवण्याऐवजी तो बाहेरच्या पृष्ठभागावर पसरवून वाळवण्यासाठी केलेली असते. म्हणजे धाग्याला सरसकट चांगले-वाईट ठरवण्यात अर्थ नाही. व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याचे कापड, सुंदर पडते, मऊ असते, पण ओले झाल्यावर त्याची ताकद खूपच घटते, म्हणून ते पिळू नये. सूत मात्र ओले झाल्यावर थोडे अधिक बळकट होते. जीन्समध्ये एक-दोन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असेल तर आराम मिळतो, पण उष्णता आणि क्लोरीन यांमुळे ते लवकर निकामी होते आणि मग गुडघ्यांना आलेले फुगे परत बसत नाहीत.

टी-शर्टच्या कापडाचे वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. 140 च्या आसपासचे कापड हलके, 180 चे मध्यम आणि 220 च्या वरचे जाड मानता येईल. वजन जास्त म्हणजे दर्जा चांगला असे मात्र समीकरण नाही. कापडावर बारीक गोळे येतात ते आखूड तंतूंमुळे. तंतू सुटून वर येतात आणि एकमेकांत गुंततात. शुद्ध सुती कापडावरचे गोळे कालांतराने गळून पडतात, पण त्यात पॉलिएस्टरची भेसळ असेल तर तो बळकट तंतू गोळ्याला धरून ठेवतो. म्हणूनच हाताला अतिशय मऊ, लव असलेले स्वस्त स्वेटर दुकानात मोहक वाटतात आणि दोन-चार धुण्यांतच जुने दिसू लागतात. कपडा तळहाताने थोडा वेळ जोरात चोळून पाहिला तर पुढे काय होणार याची कल्पना येते.

शिवण पाहण्यासाठी कपडा उलटा करावा. टाके बारीक आणि सारख्या अंतराचे आहेत का, काजांच्या कडा सुटलेल्या नाहीत ना, खिशावरचे चौकडे अंगावरच्या चौकड्यांशी जुळतात का, हे अर्ध्या मिनिटात कळते. कारखान्यात सर्वांत आधी काटकसर होते ती शिलाईतल्या मायेत, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडात, कारण ती बाहेरून दिसत नाही. पँटच्या मागच्या शिवणीत दोन-अडीच सेंटीमीटर माया असेल तर वजन थोडे वाढल्यावरही ती सैल करून घेता येते. कडेला ओव्हरलॉक (काठाचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेली गुंडाळीची शिवण) मारून कापड काठाशीच कापलेले असेल तर तो मार्ग बंद होतो. टी-शर्टच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी सरळ खाली उतरतात की तिरक्या होऊन पोटाकडे वळतात तेही पाहावे. वळत असतील तर पहिल्या धुण्यानंतर हा पीळ आणखी वाढतो आणि इस्त्रीने तो जात नाही.

रंगाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकमेकांबरोबर चालणारे तीन-चार शांत रंग पाया म्हणून ठेवले आणि चेहऱ्याजवळ येणाऱ्या रंगाबाबत थोडे चोखंदळ राहिले की पुरते. त्वचेच्या छटेवरून माणसाला एखाद्या ऋतूचे नाव देऊन त्याला शोभणारे रंग ठरवणारे जे तक्ते फिरतात ते करमणूक म्हणून ठीक आहेत. एक तांत्रिक सावधगिरी मात्र घ्यावी: दोन रंग एका प्रकाशात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात; दुकानातले दिवे पुष्कळदा 3000 केल्विनच्या आसपास पिवळसर असतात आणि दिवसाचा उजेड सुमारे 6500 केल्विनचा मानला जातो. गडद निळा आणि काळा यांची जोडी लावायची असेल तर दोन्ही कपडे खिडकीशी नेऊन पाहावेत.

खर्चाबाबत सर्वत्र एक सूत्र सांगितले जाते की किमतीला अपेक्षित वापरांच्या संख्येने भागावे. सूत्र बरोबर आहे, पण खरेदीच्या उत्साहात माणूस वापरांची संख्या नेहमीच फुगवतो आणि मग महागातली महाग वस्तूही स्वस्त ठरते. मी लोकांना त्याऐवजी असे विचारते की हा कपडा तुमच्याकडे आत्ता असलेल्या कोणत्या तीन कपड्यांबरोबर जाईल, त्यांची नावे सांगा. नावे सांगता आली नाहीत, किंवा त्याबरोबर घालण्यासाठी आणखी एक वस्तू घ्यावी लागेल असे उत्तर आले, तर खरी किंमत चिठ्ठीवर लिहिलेली नसून त्या दोन्ही वस्तूंची बेरीज आहे. सेलमध्ये तर आपण मूळ किमतीशी तुलना करतो आणि वाचलेली रक्कम कमावल्यासारखी वाटते. सेलमध्ये उरते ते बहुतांशी विचित्र साइझचे, अवघड रंगांचे आणि त्या हंगामातल्या फसलेल्या आकारांचे असते, हे पुरवठ्याच्या बाजूने पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. घरूनच यादी करून गेलात आणि यादीतलीच वस्तू कमी किमतीत मिळाली, तर सेलसारखी चांगली संधी नाही.

एवढे सगळे वाचून फॅशनची मजाच गेली असे वाटू देऊ नका. मोजक्याच कपड्यांत सगळे भागवावे असा आग्रह धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. 1985 मध्ये अमेरिकी फॅशन डिझायनर डोना करनने सात कपड्यांच्या जोडणीवर आपला पहिला स्वतंत्र संग्रह उभा केला, तेव्हा तो कामाला जाणाऱ्या स्त्रीची सकाळ सोपी करण्यासाठी होता. आज त्याच कल्पनेचे व्रत करून लोक कंटाळतात आणि मग एका संध्याकाळी सगळी कसर भरून काढतात. ज्याला कपड्यांची खरोखर आवड आहे त्याने कपड्यांच्या खर्चातला एक हिस्सा निव्वळ हौसेसाठी उघडपणे राखून ठेवावा, माझ्या मते पाचवा हिस्सा, आणि त्याचा हिशेब उपयोगितेने करू नये. नव्याने फॅशनमध्ये आलेल्या गोष्टी या हिश्शातून घ्याव्यात. त्यातही ज्यांचा आकारच विलक्षण आहे, उदाहरणार्थ अतिरुंद खांदे किंवा अतिशय आखूड जॅकेट, त्या सर्वांत लवकर जुन्या दिसतात. रंगातले किंवा पोतातले नावीन्य त्या मानाने अधिक काळ चालते. विलक्षण आकार करून पाहायचा असेल तर वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून किंवा मैत्रिणींशी अदलाबदल करून पाहावा. जुना कपडा घेताना काखेचे डाग, दोन्ही पायांच्या जोडापाशी विरलेले कापड, कमरेतले सैल पडलेले इलास्टिक आणि लोकरीला लागलेली कसर या चार जागा उजेडासमोर धरून तपासाव्यात, बाकी दोष बहुधा दुरुस्त होतात.

बुटांवर कपड्यांपेक्षा जास्त खर्च केला तरी माझी हरकत नसते, कारण चुकलेल्या मापाचा बूट शिंपी दुरुस्त करू शकत नाही. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, नेहमीचेच मोजे घालून, दोन्ही पायांत घालून पाहावेत आणि मोठ्या पायाच्या मापाने घ्यावेत. घेतलेल्या कपड्यांची निगा हा वेगळा विषय असला तरी एवढे सांगते की रंगीत सुती कपडे आणि जीन्स उलटे करून 30 अंशांवर धुवावेत आणि विणलेले स्वेटर हँगरला न टांगता घडी घालून ठेवावेत. जीन्सचा निळा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला नसतो, तो बाहेरच्या थरातच बसतो, म्हणून घासले जाईल तिथे पांढरे दिसणारच. ते वापराचे चिन्ह आहे आणि त्याबद्दल दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या ब्लेझरविषयी. निम्मी किंमत विसरून तो अंगावर चढवा आणि भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंड भिंतीला लागण्याआधी ब्लेझरच्या खांद्यातली गादी लागत असेल तर तो मोठा आहे, आणि मी तो घेणार नाही. खांदा बसत असेल तर मागची कॉलर मानेला चिकटून आहे का, की मध्ये फट पडते, ते पाहा. ही फट काढणे कठीण असते. कमरेला सैल असेल तर चिंता नाही. बाही लांब असेल तर मनगटावरची काजे खरी कापलेली आहेत की नुसती बटणे लावलेली आहेत ते पाहा, कारण काजे खरी असतील तर खालून आखूड करताना ती आड येतात. संपूर्ण ब्लेझरची उंची कमी करता येईल असे दुकानात सांगितले तरी विश्वास ठेवू नका. खिसे आणि बटणे आपापल्या जागीच राहतात आणि प्रमाण बिघडते. छातीपाशी पुढचे कापड आणि अस्तराकडचे कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून अलगद दूर करा. मध्ये तिसरा थर सुटा जाणवला तर आत कॅनव्हास, म्हणजे छातीला आकार देणारा शिवून बसवलेला थर, आहे. जाणवला नाही तर आकार देणारे आतले कापड गोंदाने चिकटवलेले आहे. चिकटवलेले असले म्हणून ब्लेझर टाकाऊ ठरत नाही, पण वारंवार ड्रायक्लीनिंग केल्यास त्यावर फोड येऊ शकतात, आणि मूळ किंमत फार मोठी असेल तर ती त्यासाठी मोजू नये. लेबलवर सुपर 150 असे काही लिहिलेले असेल तर भुलू नका. आकडा जितका मोठा तितका लोकरीचा तंतू बारीक असतो, आणि सुपर 150 चा तंतू जास्तीत जास्त 16.25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, जो हाताला रेशमी लागतो पण रोजच्या घासणीत आणि बॅगेच्या पट्ट्याखाली लवकर झिजतो. पहिल्या ब्लेझरसाठी सुपर 100 किंवा 110 पुरेसे आहे. रंग गडद निळा किंवा करडा असेल आणि टोपलीतून निघालेल्या तुमच्या तीन पँटांवर तो चालत असेल, तर घ्या, आणि बाहीच्या दुरुस्तीचे पैसे त्याच दिवशी किमतीत धरा.